कूळ एक, घडण निराळी

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या विज्ञान शिबिरात शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे उभा आहे तो एक ऋणको म्हणून. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात प्रथिनांविषयी बोलताना मी मोठ्या आत्मविश्वासाने एक विधान केले होते. "ज्या प्रथिनांचे कूळ एक, त्यांची घडण एक," असे ते विधान. भाषण संपल्यावर एका शिक्षिका बाईंनी मला विचारले, "साहेब, हे नेहमीच खरे असते का? एकाच घरातली दोन भावंडे निराळी निघतात. तिथे तसे कधीच होत नाही?" मी म्हणालो, "नाही बाई, तिथे तसे होत नाही." बाईंनी मान डोलावली आणि माझेही समाधान झाले. पुढे माझ्या वाचनात आले, की बाईंची शंका रास्त होती आणि माझे उत्तर चूक होते.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. विज्ञान मी वाचून, ऐकून आणि जाणकारांना विचारून शिकलो. परंतु माहिती देणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याकडून चुकीची माहिती गेली तर ती दुरुस्त करण्याचे कर्तव्यही त्याचेच. ते कर्तव्य बजावण्यासाठी आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

आपोआप बांधला जाणारा फेटा

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. आहाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु शरीराच्या कारभारात प्रथिन म्हणजे काम करणारा हात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन. अन्न पचविणारी विकरे ही प्रथिने. रोगजंतूंना अडविणारी प्रतिपिंडे हीसुद्धा प्रथिनेच.

प्रत्येक प्रथिन ही अमिनो आम्लांची एक लांब माळ असते. या माळेत ओवायचे मणी वीस जातींचे. कोणत्या मण्यामागे कोणता मणी यावा, याची आज्ञा जनुकात लिहिलेली असते. परंतु नुसती माळ काही काम करीत नाही. फेट्याचे कापड खांद्यावर टाकले म्हणून फेटा होत नाही. तो नीट बांधावा लागतो, तेव्हाच त्याला रूप येते. प्रथिनाचेही तसेच आहे. माळेची विशिष्ट घडी पडते, तिला लांबी-रुंदी-उंचीचा आकार येतो, आणि त्या आकारातील खाचाखोचांमुळे प्रथिन आपले काम करू लागते. फरक एवढाच, की हा फेटा बांधणारे हात कोठेही दिसत नाहीत. माळेतील काही मण्यांना पाण्याचे वावडे असते, ते आत दडतात. काहींना पाणी प्रिय असते, ते बाहेर राहतात. अशा ओढाताणीतून बहुतेक घडी आपली आपणच पडते.

या घडीत दोन नमुने पुन:पुन्हा आढळतात. एका नमुन्यात माळ मळसूत्राप्रमाणे पिळली जाते. त्याला आपण सर्पिल म्हणू. दुसऱ्यात माळेचे ताणलेले पदर, तट्ट्यातील कांबट्यांप्रमाणे, एकमेकांशेजारी बसतात. त्याला पट्ट म्हणू. माळेला कोणती वळणे घेता येतात आणि कोणती येत नाहीत, हे मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी रामकृष्णन व शशिशेखरन यांनी १९६३ साली दाखवून दिले. 'रामचंद्रन आलेख' या नावाने ओळखली जाणारी ती आकृती आजही जगभरातील प्रयोगशाळांत प्रथिनांची रचना पडताळून पाहण्यासाठी वापरली जाते. आपल्या देशाला अभिमान वाटावा असे हे काम आहे.

मोठ्या प्रथिनांत बहुधा एकाहून अधिक खंड असतात. जुन्या वाड्यात जसे निरनिराळे चौक, प्रत्येकाचे छप्पर वेगळे, वापर वेगळा, तसे हे खंड. प्रत्येक खंडाची घडी स्वतंत्रपणे पडू शकते. उत्क्रांतीच्या ओघात एकाच मूळ खंडाच्या अनेक प्रती होतात, त्या निरनिराळ्या प्रथिनांत जातात आणि त्यांच्यात हळूहळू बदल होत जातात. अशा खंडांना एका कुळातील खंड म्हणतात.

नियम कसा ठरला

'कूळ एक, घडण एक' हा नियम मी काही मनाने रचला नव्हता. अमेरिकेतील ख्रिश्चन ॲनफिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाचे १२४ आम्लांचे एक लहान प्रथिन घेऊन, रसायनांच्या साहाय्याने त्याची घडी संपूर्ण उलगडली. ते निकामी झाले. मग ती रसायने दूर करताच प्रथिनाने पूर्वीची घडी आपली आपण पुन्हा घातली आणि ते कामाला लागले. आकाराची सारी आज्ञा माळेच्या क्रमातच असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. या कार्यासाठी १९७२ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मग पुढचा विचार ओघानेच आला. आकार क्रमावर अवलंबून असेल, तर ज्यांचे क्रम मिळतेजुळते त्यांचे आकारही मिळतेजुळते असणार. अनुभवही तसाच आला. स्नायूंत प्राणवायू साठविणारे मायोग्लोबिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांच्या माळा ताडून पाहिल्या, तर सुमारे चौथा हिस्साच मणी जुळतात. तरीही दोघांची घडी हुबेहूब एक. आपल्या शेतातला दाखला घ्यावयाचा तर भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे जोमदार रोप उपटून मुळावरील एक गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-तांबूस रंग दिसेल. तो रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. हवेतील नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचे कार्य प्राणवायूच्या आधिक्याने बिघडू नये, याची काळजी ते घेते. त्याचा क्रम आपल्या रक्तातील प्रथिनाशी फारच थोडा जुळतो, परंतु घडी तीच. माणूस आणि भुईमूग यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर पडले, तरी कुळाची घडण मोडली नाही. वर्गात मुलांना दाखविण्याजोगा याहून सोपा प्रयोग मला तरी ठाऊक नाही.

१९८६ साली सिरस चोथिया आणि आर्थर लेस्क यांनी अशा अनेक कुळांची मोजदाद करून दाखविले, की क्रमातील अंतर वाढते तसे आकारातील अंतर वाढते खरे, परंतु फार सावकाश. तेव्हापासून नवे प्रथिन हाती आले, की आधी त्याचे कूळ शोधावे आणि कुळावरून आकाराचा व कामाचा अंदाज बांधावा, ही पद्धत रूढ झाली. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर ठरतो. परंतु 'बहुतेक वेळा' आणि 'नेहमी' या शब्दांमध्ये जे अंतर आहे, तेथेच माझी चूक झाली होती.

भावंडे निराळी निघाली

जिवाणूंवर जगणारे काही विषाणू असतात. त्यांच्यापाशी 'क्रो' नावाचे एक लहान प्रथिन असते. ते डीएनएवर ठरावीक जागी बसून काही जनुकांचे काम थांबविते. दिव्याचे बटण जसे, तसे त्याचे कार्य. या क्रो कुळातील दोन प्रथिने अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील मॅथ्यू कॉर्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. एक झायलेला या वनस्पतिरोगकारक जिवाणूच्या जनुकसंचात दडलेल्या विषाणूचे, दुसरे स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या जिवाणूतील तशाच विषाणूचे. हा दुसरा जिवाणू आपल्या शेतकऱ्यांना जैविक रोगनियंत्रक म्हणून परिचयाचा आहे. दोन्ही क्रो प्रथिनांच्या माळेत शंभरात चाळीस मणी अगदी सारखे होते. रूढ ठोकताळ्याप्रमाणे त्यांचे आकार एकसारखे असावयास हवे होते. प्रत्यक्षात पुढचा भाग सारखा निघाला, परंतु शेवटच्या सुमारे पंचवीस आम्लांत एकाने सर्पिल घातले, तर दुसऱ्याने पट्ट. हे निरीक्षण २००८ साली प्रसिद्ध झाले. एका आजोबांची दोन नातवंडे. एकाने तेच कापड फेटा म्हणून बांधले, दुसऱ्याने उपरणे म्हणून पांघरले, असा हा प्रकार.

दुसरे उदाहरण याहून विस्मयकारक आहे. आपल्या आतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत 'नस-जी' नावाचे प्रथिन असते. जनुके वाचणाऱ्या यंत्रणेबरोबर ते सोबतीसारखे चालते. त्याचे मुख्य खंड दोन. पहिला खंड वाचनयंत्रणेला धरतो. दुसऱ्या खंडात पाच पट्ट्यांचे लहानसे पिंप असते आणि ते प्रथिने विणणाऱ्या रायबोसोम नावाच्या मागाशी दुवा जोडते. याच कुळातील दुसरे प्रथिन म्हणजे 'आरएफएएच'. त्याचा पहिला खंड नस-जीसारखाच. २००७ साली त्याची रचना उकलली, तेव्हा मात्र संशोधक चकित झाले. दुसऱ्या खंडात पिंपाचा मागमूस नव्हता. तेथे आकड्यासारखी वळलेली दोन सर्पिले होती, आणि ती पहिल्या खंडाला चिकटून त्याची कामाची जागा झाकून बसली होती.

गोष्ट येथे संपत नाही. जर्मनीतील बायरॉइट येथील पाउल रोश आणि अमेरिकेतील ओहायो येथील इरिना आर्त्सिमोविच यांच्या गटांनी २०१२ साली दाखविले, की पहिल्या खंडापासून सुटा होताच हा दुसरा खंड सर्पिले संपूर्ण उलगडतो आणि नस-जीप्रमाणे पिंपाची घडी घालतो. माळ तीच, एक मणीही बदललेला नाही. तरी घडी पार निराळी.

असे का व्हावे? कारण कामाच्या वाटणीत आहे. नस-जी हा सार्वत्रिक सेवक. तो सर्वच जनुकांवर राबतो. आरएफएएचला मात्र मोजक्या जनुकांवरच काम करावयाचे असते. तो सर्वत्र लुडबुड करू लागला तर नस-जीच्या कामाचा बोजवारा उडेल. म्हणून एरवी तो स्वत:ला कुलूप लावून बसतो. डीएनएवरील ठरावीक खूण भेटली, की कुलूप उघडते, दुसरा खंड मोकळा होतो आणि नव्या घडीने कामाला लागतो. ज्या जनुकांवर तो काम करतो, त्यांत जिवाणूचे बाह्य कवच आणि काही विषद्रव्ये बनविणारी जनुके येतात. म्हणजेच रोग उत्पन्न करण्याच्या शक्तीशी त्याचा संबंध आहे.

हा एखादाच अपवाद असेल, असे कोणी म्हणेल. परंतु २०२२ साली लॉरेन पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नस-जीच्या संपूर्ण कुळाचा अभ्यास करून असा अंदाज मांडला, की या कुळातील सुमारे चौथा हिस्सा प्रथिने अशी घडी बदलणारी असावीत. पडताळणीसाठी त्यांनी दहा प्रथिने निवडून प्रयोग केले. दहाही वेळा प्रयोगाने अंदाजाला पुष्टी दिली.

एका मण्याचे अंतर

येथे साहजिकच प्रश्न उठतो, की एका घडीतून दुसऱ्या घडीत जाण्यासाठी किती मणी बदलावे लागतात? १९९४ साली अमेरिकेतील ट्रेव्हर क्रीमर आणि जॉर्ज रोझ यांनी एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. निम्मे मणी जसेच्या तसे ठेवून एका प्रथिनाची घडी दुसऱ्यासारखी करून दाखवावी, अशी अट होती. १९९७ साली येल विद्यापीठातील लिन रेगन यांच्या गटाने ती पूर्ण केली. पुढे मेरीलँड येथील फिलिप ब्रायन व जॉन ऑर्बन यांच्या गटाने ५६ आम्लांच्या दोन खंडांत एकेक मणी बदलत नेला. हे खंड मुळात एका कुळातले नव्हते. प्रयोगशाळेत त्यांना मुद्दाम जवळ आणले गेले. २००७ साली शंभरात अठ्ठ्याऐंशी मणी सारखे आणि घडी मात्र निराळी, येथवर ते पोहोचले. २००९ साली तर केवळ एका मण्याचे अंतर उरले. पंचेचाळिसाव्या जागी ल्युसिन असेल तर तीन सर्पिलांची घडी पडते आणि तो खंड रक्तातील अल्ब्युमिनला धरतो. त्याच जागी टायरोसिन आले, की चार पट्ट्या आणि एक सर्पिल अशी घडी पडते आणि खंड प्रतिपिंडाला धरतो. बाकीचे पंचावन्न मणी दोहोंत तेच.

तराजूची दोन्ही पारडी जवळजवळ समतोल असली, की एक गुंजही पुरते. प्रथिनांच्या काही माळा अशाच काठावर उभ्या असतात. घडी पडलेली आणि उलगडलेली अवस्था यांतील ऊर्जेचा फरक मुळात लहान असतो. त्यामुळे एखादा मणी बदलला, शेजारी नवा सोबती आला किंवा जुना दूर झाला, तर पारडे झुकू शकते. क्रमात आज्ञा असते, हे ॲनफिन्सेन यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. मात्र काही आज्ञापत्रांत दोन कलमे असतात, आणि कोणते केव्हा लागू होईल हे परिस्थिती ठरविते, एवढी पुस्ती त्याला जोडावी लागते.

याचे आपल्याला काय

आपण म्हणाल, हे सर्व मनोरंजक आहे, पण याचा आमच्या कामाशी काय संबंध? संबंध आहे.

आज नव्या जीवाच्या जनुकांची यादी तयार झाली, की त्यांतील बहुसंख्य प्रथिनांवर कुळावरूनच नावाची चिठ्ठी लावली जाते. २०२० साली अल्फाफोल्ड या संगणकीय पद्धतीने क्रमावरून आकार सांगण्यात मोठी मजल मारली. त्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना, आणि नवी प्रथिने रचण्याच्या कार्यासाठी डेव्हिड बेकर यांना, २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे यश थोर आहे. तथापि ही पद्धत ज्ञात रचनांवरून आणि कुळातील साम्यावरून शिकलेली आहे. दोन घड्या असणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत ती बहुधा एकच घडी दाखविते, असे आढळून आले आहे. एखाद्या रोगजंतूच्या प्रथिनाला अडविणारे औषध शोधताना आपण चुकीच्या घडीवर नेम धरला, तर वर्षांचे श्रम वाया जातात. म्हणून संगणकाच्या अंदाजानंतरही प्रयोगाची पडताळणी सुटत नाही.

घडी बिघडण्याचे परिणाम किती दारुण होऊ शकतात, हे ब्रिटनने पाहिले. तेथे १९८६ साली गुरांमध्ये एक मेंदूविकार ओळखला गेला. प्रिऑन नावाचे प्रथिन आपली मूळ घडी सोडून विकृत घडी घेते आणि शेजारच्या निरोगी प्रथिनांनाही तीच घडी घ्यावयास लावते. मांस व हाडांचा चुरा गुरांच्या खाद्यात मिसळल्याने तो विकार पसरला, आणि १९९६ साली त्याचा माणसांतील रोगाशी संबंध असल्याचे तेथील शासनाने जाहीर केले. प्रिऑनचा शोध लावणारे स्टॅन्ले प्रुसिनर यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अगदी आपल्या दारातले उदाहरण. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आपल्या जिल्ह्यांत सिकलसेल हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या १४६ आम्लांच्या बीटा माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच त्यात बदल. येथे एक भेद मी स्पष्ट करतो, नाहीतर पुन्हा माझ्याकडून चूक व्हावयाची. सिकलसेलमध्ये प्रथिनाची घडी बदलत नाही. बदलतो तो पृष्ठभागावरील एक ठिपका. त्यामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. म्हणजे एका मण्याने कधी सारी घडी बदलते, तर कधी घडी तशीच राहून माणूस आजारी पडतो. वरवरचे साम्य पाहून दोन्ही गोष्टी ओळखता येत नाहीत.

गावातही हीच चूक आपल्याकडून होते. "त्याच्या भावाला काही निघाले नाही, मग याला कशाला तपासता?" असे आपण सहज म्हणतो. उलट, एका घरात आजार निघाला म्हणून सारे घर आजारी ठरवून त्या घरच्या मुलींच्या सोयरिकी टाळल्या जातात. दोन्ही गोष्टी अज्ञानाच्याच. आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्णत: मुक्त असण्याची चारात एक असते. ही शक्यता प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने मोजावयाची. थोरल्यावरून धाकट्याचा निकाल लागत नाही. तो रक्ताच्या तपासणीनेच लागतो. वाहक माणूस सर्वसाधारणपणे निरोगीच असतो. दोन वाहकांनी विवाहापूर्वी सल्ला घ्यावा, एवढेच. २०२३ साली केंद्र शासनाने मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू केली आणि त्यासाठी २०४७ सालाचे उद्दिष्ट ठेवले. तपासणीला गावातील एकही घर, आणि घरातील एकही मूल गृहीत धरून वगळले जाणार नाही, हे पाहणे पंचायतीच्या हाती आहे.

मित्रहो, कुळाची माहिती निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. शोधाची सुरुवात कोठून करावी हे कूळ सांगते, आणि ते ज्ञान मोलाचे आहे. परंतु सुरुवातीलाच शेवट मानून आपण फाईल बंद करू नये. क्रो प्रथिनांची घडी कळली, ती कोणीतरी प्रत्यक्ष पाहिली म्हणून.

दोन वर्षांपूर्वी ज्या बाईंनी मला प्रश्न विचारला, त्या आज या सभागृहात आहेत की नाहीत, हे मला ठाऊक नाही. असतील तर त्यांना जाहीरपणे सांगतो, "बाई, आपले बरोबर होते." नसतील तर येथील शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की वर्गात एखाद्या मुलाने "हे नेहमीच खरे असते का?" असे विचारले, तर माझ्यासारखे घाईने उत्तर देऊ नका. त्याला म्हणा, "चल, पाहू या."